तुलाधाराचा तराजू आणि आमचा जुना टीव्ही



आजचं वाचन महाभारताच्या शांतिपर्वातलं, तुलाधार आणि जाजली यांचा संवाद. भीष्म ही गोष्ट युधिष्ठिराला सांगतात. जाजली हा समुद्रकाठी तप करणारा ऋषी. तो इतका निश्चल उभा राहिला की पाखरांनी त्याच्या जटेत घरटं केलं, अंडी घातली, पिल्लं मोठी होऊन उडून गेली, तरी हा हलला नाही. मग त्याला वाटलं, धर्म तो आपल्यालाच कळला. तेव्हा वाणी झाली की वाराणसीच्या तुलाधाराची सर तुला नाही. जाऊन बघतो तर तुलाधार चक्क दुकानदार! सुगंधी द्रव्यं, रस असा माल विकत बसलेला. त्याची साधना एवढीच, की खरेदी-विक्रीत कपट नाही आणि तराजू सगळ्यांना सारखा.

आपल्यातले बरेचजण कधी दुकानात बसले नसतील. पण जुना मोबाइल, जुनी गाडी, जुनं कपाट विकायची वेळ सगळ्यांवर येते, आणि त्या दिवशी तराजू आपल्या हातात असतो. माझ्या हातात तो नाताळच्या तोंडावर आला. मालवणच्या घरातला त्रेचाळीस इंची टीव्ही विकायला काढला होता.

पहिला प्रश्न किमतीचा. २०२० च्या दिवाळीत तो ३२,००० ला घेतला होता आणि मन तोच आकडा धरून बसतं. पण त्या बिलात २८ टक्के जीएसटी होता. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा हा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. करापूर्वीचा दर २५,००० तोच धरला, तर असा टीव्ही आज २९,५०० ला पडेल. मी तेव्हा भरलेला जादा कर घेणाऱ्याकडून कशाला वसूल करायचा? टीव्ही आठ वर्षं चालेल असं मानलं तर पाच संपली, तीन उरली. हिशेब अकरा हजारांच्या आसपास आला.

पण टीव्हीला दोन दोष होते. एक एचडीएमआय पोर्ट बंद. खाऱ्या हवेत अशा वस्तू गंजतात हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. दुसरं म्हणजे पांढरं चित्र आलं की उजव्या कोपऱ्यात काळसर डाग दिसतो. रात्री मालिका बघताना तो कळतही नाही. पॅनल बदलायला जावं तर इतका खर्च, की त्यापेक्षा नवा टीव्ही बरा.

तेवढ्यात देवबागच्या एका काकांचा फोन आला. त्यांचा होमस्टे आहे, पर्यटक चार दिवसांवर आलेले. टीव्ही न बघताच बारा हजार द्यायला तयार! वर म्हणाले, "तू आपलोच मां, मगे बघूक कित्याक होया?"

आता गप्प बसलं तर काय बिघडतं?

कायद्याला विचारलं तर त्याचं उत्तर फार मजेशीर आहे. भारतीय करार कायदा, १८७२. त्याच्या कलम १७ मध्ये घोड्याचं उदाहरण दिलंय. लिलावात कोणी आजारी घोडा विकला, त्याला ते माहीत होतं, पण तो काही बोलला नाही, तर नुसतं गप्प राहणं ही फसवणूक होत नाही. पुढचं उदाहरण मात्र बघा. घेणारी जर विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर तिला सांगणं हे बापाचं कर्तव्य!

घोडा तोच, आजार तोच. बदललं ते फक्त नातं. कायदा आपल्याला खोटं बोलायला सांगत नाही, पण परक्यासमोर गप्प राहायची मुभा देतो. आपणही तसंच वागतो. "आपलो माणूस" म्हटलं की खरी किंमत बाहेर येते, आणि बाहेरच्याला दुसरी.

तुलाधार इथेच वेगळा आहे. तो सगळ्यांचा मित्र. त्याच्या दुकानात परका असा कोणी येतच नाही. कायदा जे कर्तव्य मुलीपुरतं ठेवतो, ते तुलाधार प्रत्येक गिऱ्हाइकाला देतो. समान तराजू म्हणजे हेच असावं.

मी काकांना दोन्ही दोष सांगितले आणि येऊन दिवसाउजेडी बघा म्हटलं. त्यांनी बघितलं, डागावर बोट ठेवलं आणि नऊ हजारांवर आले. व्यवहार झाला. तीन हजार गेले का? मला वाटतं, ते माझे नव्हतेच. ते काकांच्या न बघण्याचे होते.

कोणी म्हणेल, मग फुकटच द्यायचा ना! तसंही नाही. तुलाधार माल वाटत नव्हता, विकत होता. तराजूला दोन पारडी असतात आणि एकात आपणही असतो. काकांनी सहा हजार म्हटलं असतं, तर मी शांतपणे नाही म्हटलं असतं आणि तेही धर्माला धरूनच झालं असतं.

आजच्या दिवसासाठी एवढंच करून बघूया. काही विकायला काढलं, फोटो टाकला, की वर्णन लिहिण्याआधी मनात आणायचं की हे माझी बहीण विकत घेणार आहे. मग जे लिहावंसं वाटेल, तेच सगळ्यांसाठी लिहायचं.

जय हरी!