शोकाचें गणित

दुःखाची किंमत त्याच्या अनावरपणावरून करावी, अशी आपली एक जुनी समजूत आहे. जो धाय मोकलून रडतो त्याचें दुःख खरें. जो मोजूनमापून बोलतो त्याच्याविषयीं मनांत किंचित् संशय. आल्बान बेर्ग या व्हिएन्नाच्या संगीतकाराचा १९३५ सालचा व्हायोलिन-कॉन्चेर्तो ऐकतांना हा संशय आम्हांस पुन्हा तपासून पाहावा लागला.

बेर्गचे गुरु शेनबर्ग यांनीं घालून दिलेला नियम असा : सप्तकांतील बाराही स्वरांची एक माळ आधीं ठरवावयाची आणि सारी रचना तिच्यांतूनच, ती सरळ, उलटी वा पालथी करून, काढावयाची. शुद्ध-विकृत मिळून आपलेही स्वर बाराच. पण आपल्याकडे षड्ज हा धनी असतो, तेथें कोणीच धनी नाहीं. असल्या आंकडेमोडींतून विलाप कसा निघावा?

विलापाला कारण मात्र खरें होतें. आल्मा माहलर व वास्तुशिल्पी ग्रोपियस यांची कन्या मानोन १९३५ च्या एप्रिलांत पोलिओनें वारली. वय अवघें अठरा. लुई क्रास्नर या वादकानें मागितलेली कृति तोंवर बेर्गच्या हातीं रेंगाळत होती. आतां ‘लुलू’ हा ऑपेरा बाजूस सारून त्यानें ती ऑगस्टांत पुरी केली व ‘एका देवदूताच्या स्मृतीस’ अर्पण केली. मोबदला ठरलेला, पैशाची नड मोठी (नाझी जर्मनीनें त्याच्या संगीतास दारें लावलीं होतीं), आणि अशा वेळीं एक मृत्यु विषय म्हणून हातीं येतो! हा शोकाचा व्यापार झाला, असें कोणी म्हणेल. आम्हांसही प्रथम तसेंच वाटलें.

परंतु त्याची माळ पाहावी. तिच्यांत व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारांचे स्वर त्यांच्याच क्रमानें एकाआड एक ओवलेले आहेत. आणि शेवटचे चार स्वर म्हणजे सा, रे, ग, तीव्र म अशी चढण. बाखनें आपल्या एका कॅन्टाटांत घेतलेल्या ‘पुरें झालें’ या मरणप्रार्थनेचा आरंभ नेमका याच चढणीनें होतो. अखेरच्या भागांत ती प्रार्थना बाखच्याच साजांत क्लॅरिनेटांवर उमटते, तेव्हां बाहेरून आणून डकविलेली वाटत नाहीं. नियमाच्या पोटांतच ती निजलेली होती.

कर्मठ म्हणतात, बेर्गनें नियम आपल्या सोयीचा निवडला. निवडला खरा, पण व्रत घेणाराही आपलें व्रत आपणच निवडतो. पुढें कारिंथियांतलें एक लोकगीत माळेला न जुमानतां आंत येतें, तेथें व्रतभंगही झाला आहे. तो प्रमाद आम्हांस प्रिय आहे. अनावर रुदन रडणाऱ्यापाशींच संपतें. मानोनला आम्हीं कधीं पाहिलें नाहीं. हें मोजमाप नसतें तर तिचा शोक आम्हांपर्यंत पोंचण्यास वाटच नव्हती.

स्वतः बेर्गला ही कृति ऐकावयास मिळाली नाहीं. २४ डिसेंबर १९३५ रोजीं तो वारला. क्रास्नरनें ती प्रथम वाजविली ती १९३६ च्या एप्रिलांत, बार्सिलोना येथें. शेवटीं एकटें व्हायोलिन उंच स्वरावर थांबून राहतें, आणि खालीं आरंभींचे ते मोकळ्या तारांचे स्वर पुन्हा एकदां हळूच येऊन जातात.