काही झालं नाही, म्हणजे नेमकं काय?

मल्टिमीटरचा एखादा फोटो मोबाइलवर मोठा करून बघा. खाली, जिथे लाल-काळ्या वायरी खोचतात, तिथे बारीक अक्षरांत छापलेलं असतं : ‘कॅट थ्री ६०० व्होल्ट’ किंवा ‘कॅट टू १००० व्होल्ट’. पुष्कळांना ते मॉडेलचं नाव वाटतं. खरं तर ते वचन असतं. आणि त्या निमित्ताने मला एक प्रश्न पडतो : जे वचन पाळायची वेळ बहुधा कधी येणारच नाही, ते खोटं दिलं तर काय बिघडलं?

आधी हे वचन कशाचं ते पाहू. आपल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट असतात. पण जवळपास वीज कोसळली किंवा त्याच लाइनवरची मोठी मोटर बंद झाली, तर डोळ्याची पापणी लवायच्या आत हजारो व्होल्टचा झटका तारांमधून येऊन जातो. त्या वेळी मीटर जोडलेला असेल, तर आत ठिणगी पेटू शकते. झटका निघून जातो, पण ठिणगीने वाट करून ठेवलेली असते. मग त्याच वाटेने घरातली नेहमीची वीज घुसते आणि मीटर फुटतो. मीटर त्या वेळी कुणाच्या तरी हातात असतो.

हा धोका घरभर सारखा नसतो. सॉकेटपाशी कमी, एमसीबीच्या डीबीपाशी जास्त, आणि बाहेरून वीज इमारतीत शिरते तिथे सगळ्यात जास्त. कारण मागची वायर जितकी आखूड, तितका प्रवाहाला अडथळा कमी. म्हणून ‘आयईसी ६१०१०’ या आंतरराष्ट्रीय मानकाने जागा वाटून दिल्या : सॉकेटला लावलेल्या उपकरणांसाठी कॅट टू, भिंतीतलं वायरिंग आणि डीबीसाठी कॅट थ्री, वीज शिरते त्या जागेसाठी कॅट फोर. यात एक गंमत आहे. ‘कॅट टू १०००’ आणि ‘कॅट थ्री ६००’ या दोन्ही मीटरांची चाचणी ६००० व्होल्टच्याच झटक्याने होते. पण पहिल्याच्या वेळी मध्ये १२ ओहमचा अडथळा असतो, दुसऱ्याच्या वेळी फक्त २ ओहमचा. म्हणजे एकाला ५०० अँपिअरची झळ, दुसऱ्याला ३००० ची. नुसता मोठा आकडा बघून घेणारा माणूस डीबीसाठी कमकुवत मीटर घेऊन येतो.

आता खरी अडचण. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत काही शे रुपयांना मिळणारा मीटर आणि काही हजारांचा मीटर, दोघेही सॉकेटमध्ये २३० च दाखवतात. हजार वेळा मोजा, फरक कळणार नाही. फरक असतो आत : तांब्याच्या पट्ट्यांमधलं अंतर, काचेच्या फ्यूजऐवजी वाळू भरलेला सिरॅमिकचा फ्यूज. या गोष्टींना पैसे पडतात. ‘कॅट थ्री’ छापायला फक्त शाई लागते.

स्वस्त मीटरच्या तोंडावरचं सगळंच खोटं नसतं, हेही सांगायला हवं. १० अँपिअरच्या भोकाशेजारी अनेकदा ‘अनफ्यूज्ड’ असं प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं. लाल वायर चुकून तिथेच राहिली आणि टोकं सॉकेटला लावली, तर थेट शॉर्टसर्किट होतं आणि मीटरमध्ये त्याला अडवणारं काही नसतं. एकाच तोंडावर ‘अनफ्यूज्ड’ आणि ‘कॅट थ्री’ शेजारी-शेजारी दिसले, की मी दुसऱ्या शब्दावर विश्वास ठेवत नाही.

‘पण आजवर काही झालं नाही ना?’ यावर सगळे येऊन थांबतात. इंग्रज गणिती आणि विचारवंत विल्यम क्लिफर्ड याने १८७७ साली एका निबंधात अशाच एका माणसाची गोष्ट रचली होती. एका जहाजमालकाला शंका असते की आपलं जहाज जुनं झालंय. दुरुस्तीला खर्च येणार. मग तो स्वतःची समजूत घालतो : इतक्या सफरी झाल्या, हीही होईल. जहाज बुडतं, माणसं मरतात. क्लिफर्ड पुढे विचारतो, तेच जहाज सुखरूप पोचलं असतं, तर मालक निर्दोष ठरला असता का? त्याचं उत्तर : मुळीच नाही. तो तेवढाच दोषी, फक्त पकडला गेला नसता. मला हे पटतं. खोटा शिक्का मारणाऱ्याचा गुन्हा स्फोटाच्या दिवशी घडत नाही. तो छापखान्यातच घडून गेलेला असतो.

आमच्या सोसायटीत येणारे वायरमनकाका मात्र हसतात. म्हणतात, “तीस वर्षं झाली दादा, कुठं काय झालं?” त्यांच्या अनुभवाचा मला आदर आहे. पण उत्तर त्यांच्याच धंद्यात आहे. वीज बंद केल्यावर मीटर शून्य दाखवतो, तेव्हा जाणता वायरमन लगेच तारेला हात लावत नाही. आधी चालू असलेल्या पॉइंटवर मीटर तपासतो, मग बंद तार मोजतो, मग पुन्हा चालू पॉइंटवर जातो. कारण शून्याचे अर्थ दोन : वीज नाही, किंवा मीटरच मेलाय. ‘तीस वर्षांत काही झालं नाही’ हेही तसलंच शून्य आहे. मीटर चांगला होता, किंवा तो झटका अजून आला नाही. नुसत्या शून्यावरून कुठला अर्थ खरा, हे कळत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. आयटीआयमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोराने काही हजारांचा मीटर आणायचा कुठून? सुरक्षितता ही पैसेवाल्यांची चैन झाली का? मला वाटतं, दोष स्वस्तपणात नाही. रिमोटचे सेल तपासायला, छोट्या सर्किटवर हात बसवायला स्वस्त मीटर उत्तम आहे. त्यावर तेवढंच लिहिलं असतं, तर ती एक प्रामाणिक वस्तू झाली असती. खोट्या अक्षरांनी त्या पोराचा निवडीचा हक्कच काढून घेतला. पैसे वाचवून धोका पत्करायचा की नाही, हे त्याने ठरवलंच नाही. त्याला धोका आहे हेच कळू दिलं नाही.

आणि इथे आपणही सुटत नाही. डीबी उघडणारा हात वायरमनचा असतो, पण ‘दोनशे घ्या, दोन मिनिटांचं तर काम’ असं म्हणणारे आपणच असतो. त्या घासाघिशीतून चांगला मीटर, धड इन्सुलेशनच्या वायरी आणि मेन स्विच बंद करायला लागणारा वेळ हेच आधी कापलं जातं. फायदा आपला, जोखीम त्याची. म्हणून पुढच्या वेळी वायरमन आला, तर त्याच्या मीटरवर काय लिहिलंय ते विचारा. वायरींवरही विचारा, कारण त्यांनाही कॅट असते आणि जोडीत जी कमी, तीच खरी. तो चकित होईल. मग मजुरीबद्दल बोला, आणि त्या दिवशी घासाघीस करू नका.