पाळलाय कशापायी?

आमच्या घरी सध्या एक गोसावी मुक्कामाला आहे. वजन किलोभर, पाय चार, शेपूट नाही आणि बोटे एकूण चौदा. पुढच्या पायांना चार-चार, मागच्यांना तीन-तीन. मी स्वतः मोजली आहेत. निवृत्त गणितशिक्षकाला शिरूरसारख्या गावात सकाळच्या वेळी दुसरा उद्योग काय असणार? केस म्हणाल तर डोक्यापासून जमिनीपर्यंत, आणि जमिनीवर पोचल्यावर आणखी चार बोटे पुढे. त्यामुळे तोंड कोणत्या बाजूला आहे हे कोथिंबिरीची काडी पुढे केल्याशिवाय कळत नाही. जी बाजू हलेल ते तोंड.

हा लांब केसांचा गिनीपिग. मूळ मालक आमचा दौंडचा नातू. त्याने नाव ठेवले 'सिम्बा'. आमच्या हिने पहिल्याच दिवशी त्या जटा पाहून 'हा कुठला गोसावी?' असे विचारले आणि बारसे तिथेच झाले. मुलीकडे घराला रंग काढायचा होता म्हणून हा पाहुणा 'फक्त महिनाभर' आमच्याकडे आला. त्या महिन्याला आता दीड वर्ष होईल. रंग केव्हाच वाळला.

दौंडहून शिरूरला मी त्याला यष्टीने आणले, मांडीवर भाजीची टोपली घेऊन. कंडक्टरने आत डोकावून पाहिले. "काय आहे, आजोबा? ससा?" मी म्हटले, नाही. "मांजर?" नाही. मग त्याने जरा आवाज खाली घेऊन विचारले, "गंगावन आहे का?" एवढ्यात गंगावनाने शीळ घातली आणि मागच्या तीन बाकांवरच्या बायका उभ्या राहिल्या.

वास्तविक या प्राण्याचे नावच मुळात फसवे. तो गिनीचा नाही आणि डुकराच्या कुळातला तर मुळीच नाही. आहे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी त्याला माणसाळवले ते खाण्यासाठी, आणि अजूनही खातात. पेरू देशात कुस्को नावाचे शहर आहे. तिथल्या कॅथेड्रलमध्ये येशूच्या शेवटच्या भोजनाचे अठराव्या शतकातले एक चित्र आहे आणि मधल्या ताटात आमच्या गोसाव्याचा पूर्वज भाजून ठेवलेला आहे. ही माहिती मी हिला सांगितली. तिने त्या दिवशी गोसाव्याला पेरूची एक फोड जास्त दिली.

पेरूचा प्राणी आणि पेरू खातो, हा विनोद मी आल्यागेल्याला ऐकवतो. पण त्यामागे शास्त्र आहे. बहुतेक सस्तन प्राणी 'क' जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. ज्यांना ते जमत नाही त्यांत आपण आहोत आणि हा आहे. ते बाहेरून मिळाले नाही तर दोघांनाही स्कर्व्ही होते. नॉर्वेतल्या होल्स्ट आणि फ्रोलिक या दोन शास्त्रज्ञांनी १९०७ साली गिनीपिगला नुसत्या धान्यावर ठेवले, तेव्हा हा रोग त्याला झाला आणि त्यातूनच माणसाच्या रोगाचे कोडे सुटायला लागले. म्हणजे आपल्या पंगतीला बसणारा हा एवढासा प्राणी, आणि आपण त्याचे उपकार फेडले कसे? तर त्याच्या नावाची शिवी करून. 'माझा गिनीपिग केला हो!' असे आपण म्हणतो.

त्याचा आहार साधा. वाळलेले गवत अष्टौप्रहर हवे, कारण दात जन्मभर वाढत राहतात आणि ते झिजवायचे तर सतत चघळायला हवे. शिवाय हरळी. हरळी म्हणजेच दूर्वा. रांजणगावचा गणपती आमच्या तालुक्यातलाच, तेव्हा दूर्वांवर पहिला हक्क कोणाचा याची जाण घरात आहे. तरीही हिने निवडून ठेवलेल्या एकवीस दूर्वांपैकी सतरा संकष्टीला गोसाव्याने खाल्ल्या. "गणपतीच्या घरी उंदराला कोणी बोलत नाही," असे म्हणून हिने पुन्हा दूर्वा खुडल्या.

खरा प्रश्न केसांचा. रानातल्या गिनीपिगचे केस आखूड असतात. हे लांब केस माणसाने हौसेखातर, निवडून-निवडून जोड्या लावून वाढवले. ते थांबतच नाहीत. रोज विंचरायचे, नाहीतर जटा होतात. मागचे केस कापायचे, नाहीतर घाण चिकटते, माश्या बसतात आणि मग अळ्या पडायची भीती. पण नातवाने जाताना बजावले होते, "आजोबा, केस अजिबात कापायचे नाहीत. मला सुट्टीत फोटो काढायचाय." आणि मी शब्द दिला होता.

फाल्गुनात घोडनदीच्या काठी हरळी काढायला गेलो असताना एका शेतात धनगराचा वाडा बसला होता. गोसावी टोपलीत बरोबर होता. म्हाताऱ्या धनगराने त्याला उचलून उलटासुलटा केला आणि विचारले,

"गुरुजी, लोकर किती निघती ह्याची?"

"नाही निघत. म्हणजे कोणी घेत नाही."

"मग मटान?"

"छे, छे!"

"दूध तर न्हाईच. लेंड्यांचं खत?"

"मूठभर."

"मग पाळलाय कशापायी?"

सदतीस वर्षे मी फळ्यापुढे उभा राहिलो, पण इतका अडलो नव्हतो. 'प्रेमापोटी' असे म्हणावे तर त्या माणसापुढे तो शब्द तोंडातून निघेना. मेंढरू अडले तर रात्रभर त्याच्याशेजारी बसणारा तो गडी. आणि वेळ आली की तेच मेंढरू तो खाटकाला विकतो, तेही खरे. शिरूरजवळच्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे लोक तिथे गाईबैल, शेळ्यामेंढ्या पाळत होते आणि खातही होते. म्हणजे घोडनदीच्या काठी जनावराचा आणि माणसाचा व्यवहार तेव्हापासून रोखठोक आहे. तू मला हे दे, मी तुला राखतो. आमचा व्यवहार निराळा. आधी असा प्राणी घडवायचा की आपल्यावाचून त्याचा एक दिवस निभू नये, आणि मग तो आपल्यावर अवलंबून आहे म्हणून आपले मन भरून यायचे! घरी येईपर्यंत मी धनगराच्या बाजूचा झालो होतो.

जेवण झाल्यावर बाजू पालटली. पूर्वी मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाड्यांचे इंजिन दौंडला काढून उलट्या टोकाला लावीत. डबा तोच, बाकही तेच, पण तोंड मागे. माझे विचार असेच. उपयोग असेल तरच जीव राखायचा, असे म्हटले तर निवृत्त गणितशिक्षकाचे काय? माझीही लोकर निघत नाही.

वैशाखात दौंडला एक लग्न होते. सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचे, म्हणून गोसाव्याला मागच्या पडवीत पंख्याखाली ठेवले. पडवीवर पत्रा आहे. या प्राण्याला पंचवीस-सव्वीस अंशांपुढची हवा सोसत नाही, हे मला ठाऊक होते. वीज जाते, हेही मला ठाऊक होते. दोन्ही गोष्टी एकत्र करायच्या तेवढ्या राहिल्या. बेरीजच ती.

परत आलो तेव्हा तो आडवा पडला होता, धापा टाकत. ती केसांची गोधडी अंगावर तशीच. हिने पदर खोचला, माठातल्या पाण्याने फडके भिजवून त्याच्या कानांना, पायांना लावले, थेंब-थेंब पाणी पाजले. गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "गार करत राहा, बर्फ मात्र नको. आणि मनाने औषध देऊ नका, पेनिसिलिनसुद्धा याला विष होतं." रात्री अकराला त्याने हिच्या हातातल्या काकडीचा तुकडा चघळला. मी तोपर्यंत ओट्यापाशी उभाच होतो. बसायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच धनगर गाठला. "येवढ्या उन्हात ह्ये अंगावर ठिवलंत?" एवढेच तो बोलला. मांडीवर घेऊन, कातडीला दोन बोटे आडवी लावून त्याने असे केस उतरवले की गोसावी हूं का चूं करीना. आत निघाला हातभरसुद्धा नसलेला, गुलाबी कानांचा प्राणी. पैसे देऊ केले तर हसला. तो प्रश्न त्याने पुन्हा विचारला नाही. विचारला असता तर बरे झाले असते.

आठवड्याने नातू आला. गोसाव्याला पाहून गप्प झाला. मग म्हणाला, "आजोबा, तुम्ही शब्द दिला होता."

मी त्याला सगळे सांगितले. पत्रा, पंखा, काही वगळले नाही. शब्द मोडावा लागला म्हणून वाईट वाटते, असेही म्हणालो. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, "मग उन्हाळा लागल्यावरच का नाही कापलेत?"

"तुला शब्द दिला होता ना."

"पण मला फोन करायचा होता ना. मी हो म्हटलं असतं."

यावर काय बोलणार? शब्द पाळत होतो असे मी समजत होतो. खरे तर शब्द पाळायला काहीच करावे लागत नाही आणि केस कापायला खाली बसावे लागते, गुडघे दुखतात, एवढीच त्यात गोम होती. नऊ वर्षांच्या पोराला ती बिनागणिताची दिसली.

गोसावी अजून आमच्याकडेच आहे. स्वित्झर्लंडमध्ये २००८ सालापासून एकटा गिनीपिग पाळायला कायद्याने बंदी आहे, जोडीदार हवाच. तिथे जोडीदार मेलेल्यांसाठी भाड्याने सोबत मिळायची सोयही निघाली. हे नातवाला कळल्यापासून दुसऱ्याची बोलणी चालू आहेत. आखूड केसांचा आण, एवढी अट हिने घातली आहे. केस आता दर दीड महिन्याने कापतो. नातू रविवारी येतो, कात्री धरतो. मी खाली बसून गोसाव्याला मांडीवर धरतो.

"आजोबा, हलू नका," तो म्हणतो, "आणि आधी कान कुठे आहे ते बघा."