श्रीरामपुरच्या कबरस्थानांत

शास्त्रभाग : उत्पत्ति, अध्याय २३



वचनदत्त देशांत अब्राहामानें पैसे मोजून घेतलेली पहिली जमीन कोणती, हें तुम्हांस आठवतें काय? सारा मरण पावली तेव्हां तिला पुरावयास त्याजपाशीं वीतभरहि जागा नव्हती. त्यानें हित्ती लोकांसमक्ष चारशें शेकेल रुपें तोलून दिलें, आणि मकपेलाचें शेत व त्यांतील गुहा विकत घेतली. त्या दिवसापासून हा उपरी मनुष्य त्या मुलखाचा झाला.

हा अध्याय वाचतांना माझें मन बंगाल्यांतील श्रीरामपूर येथील मिशनच्या कबरस्थानाकडे जातें. (आपल्या नगरकडील श्रीरामपूर तें हें नव्हे.) कलकत्त्याच्या उत्तरेस हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर हें गांव आहे. १८४५ पर्यंत तेथें डेन्मार्कचा अंमल होता. कंपनी सरकारास आपल्या मुलखांत मिशनरी नको असत, म्हणून विल्यम केरी १८०० सालीं तेथें येऊन राहिले.

त्यांच्या कबरेपुढें मराठी मनुष्यानें थोडा वेळ उभें राहावें. जोडे शिवून पोट भरणारा हा इंग्रज. त्यानें १८०५ सालीं मराठीचें व्याकरण छापिलें, १८१० सालीं मोडी अक्षरांत मराठी कोश काढिला, आणि १८११ सालीं आपल्या भाषेंत नवा करार बाहेर पडला. या कामीं वैजनाथ नांवाच्या पंडितांचें मोठें साह्य होतें. ते ख्रिस्ती नव्हते, म्हणून या दगडांत त्यांचें नांव शोधूं नये. पण त्यांचें ऋण आपणांवर आहेच. केरी ९ जून १८३४ रोजीं प्रभूंत निद्रिस्त झाले. आपल्या दगडावर स्तुति लिहूं नये, नांव, जन्ममृत्यूच्या तारखा आणि एका गीताच्या दोन ओळी एवढेंच असावें, अशी त्यांची आज्ञा होती. त्या ओळींत मनुष्य स्वतःस दीन किडा म्हणवितो. १८२१ सालीं वारलेली पत्नी शार्लट हिच्याशेजारीं आपणांस ठेवावें, असेंहि त्यांनीं सांगून ठेविलें होतें. त्यांचे सोबती छापखान्याचे वॉर्ड (मृत्यु १८२३) व शाळांचे मार्शमन (मृत्यु १८३७) त्याच आवारांत विसांवले आहेत.

परंतु या थोर पुरुषांहून मला गोकुळाची गोष्ट अधिक जवळची वाटते. श्रीरामपुरच्या बाप्तिस्मा घेतलेल्या देशी मंडळींत पहिला मृत्यु त्याचा, १८०३ सालीं. प्रेत उचलावें कोणीं? ख्रिस्ती मनुष्याचें प्रेत मोलानें आणलेल्या माणसांकडून नेण्याची तेथें चाल होती. ती त्या दिवशीं मोडली. पेटीला चौघांनीं खांदा दिला : मार्शमनसाहेब, केरींचा पुत्र फेलिक्स, ब्राह्मणांतून आलेला भैरव, आणि मुसलमानांतून आलेला पीरू. त्या काळीं ब्राह्मणानें परजातीच्या प्रेतास हात लावणें म्हणजे काय, हें आपल्या खेड्यांतील वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाहीं.

एका मंडळींत (नांव सांगत नाहीं) मला एका वृद्ध भगिनीच्या पुरण्याच्या विधीस जावें लागलें. मंडळी बरीच जमली होती. मात्र तिच्या मूळ जातीचे तिघेच पुढें आले. बाकीचे चिंचेखालीं उभे राहिले. प्रभुभोजनाला हेच लोक एका पेल्यांतून पितात! मी झगा काढून ठेविला व चौथा खांदा दिला. माघारीं येतांना कोणी कोणाशीं बोललें नाहीं. पुढच्या रविवारीं मीं मकपेलाचा अध्याय वाचिला, गोकुळाची हकीकत सांगितली, आणि दुसरा उपदेश केला नाहीं.

प्रचारकबंधूंस एक विनंति आहे. आपापल्या गांवच्या कबरस्थानांत एका दुपारीं वही घेऊन जा, आणि सर्वांत वयस्कर आजीबाईस बरोबर न्या. दगड आहेत त्यांवरील नांवें व सालें उतरून घ्या. पण दगड थोडक्यांचेच असतात. पहिला बाप्तिस्मा कोणी घेतला, कोणास गांवकीनें वाळीत टाकिलें, पटकीच्या सालीं किती लेंकरें एका रांगेंत पुरलीं, हें सर्व तिला उंचवट्यांवरून सांगतां येईल. कोणाला कोणीं खांदा दिला, हेंहि तिला विचारा व लिहून ठेवा. काम पावसाळ्यापूर्वीं करावें. पहिल्या मोठ्या सरींत मातीचे उंचवटे सपाट होतात, आणि ते ओळखणाऱ्या आजीबाई आतां थोड्याच उरल्या आहेत.