गल्लीतले गुप्त मतदान

21 डिसेंबर 2021 रोजी राळेगाव नगरपंचायतीसाठी मतदान झाले तेव्हा शिवारात कापसाची वेचणी चालू होती. ओबीसी आरक्षणाच्या जागा न्यायालयाच्या आदेशाने अडल्या, सर्वसाधारण झाल्या, त्यांचे मतदान 18 जानेवारीला झाले आणि सगळी मोजणी 19 तारखेला. चार आठवडे मते यंत्रात कुलूपबंद होती. गल्लीने मात्र आपला हिशेब त्याआधीच मांडला असणार.

नगरपंचायतीत 17 सदस्य, एका प्रभागाचा एक. कायद्यात वस्ती दहा ते पंचवीस हजारांची धरलेली. भागाकार केला तर प्रभागात सहाशे ते दीड हजार माणसे येतात, मतदार त्याहून कमी. ‘काकाजी, यंदा लक्ष ठेवजा’ म्हणणारा पोरगा उद्याही त्याच नळावर, त्याच रेशन दुकानाच्या रांगेत भेटतो. कोणत्या घरातली किती मते कुठे गेली, याचा त्याचा अंदाज फारसा चुकत नाही.

जॉन स्टुअर्ट मिल हा स्वातंत्र्याचा एवढा मोठा कैवारी, पण 1861 साली त्याने गुप्त मतदानाला विरोध केला. मत ही लोकांची ठेव. ती लोकांदेखत वापरावी, म्हणजे मतदाराला लाज राहील, असे त्याचे म्हणणे. युक्तिवाद देखणा आहे. पण मिलच्या कल्पनेतले ‘लोक’ जाब विचारणारे आहेत. गल्लीतले लोक उसनवारी देणारे, मजुरीला बोलावणारे, लेकीचे स्थळ सुचवणारे असतात. त्यांच्यासमोर वाटते ती लाज नव्हे, भीड असते. आणि भिडेने दिलेले मत ठेव कसली, ती परतफेड.

इंग्लंडने मिलचे ऐकले नाही. 1872 मध्ये तिथे गुप्त मतपत्रिका आली. मोजणीआधी एका पेटीतल्या मतपत्रिका दुसऱ्या पेटीतल्यांत मिसळायच्या, हा तिथला नियम, म्हणजे कोणत्या वस्तीने कोणाला मत दिले ते उघडे पडत नाही. आपल्याकडे यंत्रे आली आणि केंद्रनिहाय आकडे उघड झाले. अनेक यंत्रांची बेरीज एकत्र दाखवणाऱ्या ‘टोटलायझर’चा प्रस्ताव निवडणूक आयोगाने 2008 मध्ये मांडला, विधी आयोगाने 2015 मध्ये त्याची शिफारस केली. तो आणायलाच हवा होता, असे माझे मत आहे. विधानसभेला, लोकसभेला त्याचा उपयोग नक्की होईल.

नगरपंचायतीच्या ज्या प्रभागाला एकच मतदान केंद्र आहे, तिथे मात्र टोटलायझरला मिसळायला दुसरे यंत्रच नाही.