थांबलो, पण कशासाठी?



काही दिवसांपूर्वी आपल्या युवकांच्या बैठकीत एका मुलाने मला प्रश्न विचारला, "फादर, देशावर संकट आले की सगळेच पुढारी म्हणतात, ही राजकारण करण्याची वेळ नाही. मग खरोखर प्रचार थांबवणारा पुढारी चांगला, की न थांबवणारा?" मी लगेच सांगून टाकले, "थांबवणारा." खोलीवर परतल्यावर मात्र ते उत्तर मला घाईचे वाटले. म्हणून आज त्या प्रश्नाकडे पुन्हा वळतो.

असा प्रसंग अमेरिकेत २००८ साली प्रत्यक्ष घडला होता. त्या वर्षी १५ सप्टेंबर रोजी लेहमन ब्रदर्स ही जुनी, बलाढ्य बँक दिवाळखोरीत गेली. फेडता येणार नाहीत अशी गृहकर्जे वर्षानुवर्षे वाटली गेली होती आणि त्या कर्जांच्या कागदांवर मोठमोठ्या बँकांचे व्यवहार उभे होते. पाया खचला तसा इमला कोसळू लागला. बँका एकमेकींना पैसे देईनाशा झाल्या. अर्थमंत्री हेन्री पॉल्सन यांनी बँका सावरण्यासाठी संसदेकडे ७०० अब्ज डॉलर मागितले. त्या वादळाची झळ आपल्याकडेही पोहोचली. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात ९ हजारांच्या खाली आला.

नेमकी तेव्हाच तिथे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक रंगात आली होती. रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार होते जॉन मॅकेन, तर डेमोक्रॅटिक पक्षाचे बराक ओबामा. मतदानाला सुमारे चाळीस दिवस उरले असताना, २४ सप्टेंबर रोजी मॅकेन यांनी जाहीर केले की आपण प्रचार स्थगित करून वॉशिंग्टनला जात आहोत आणि २६ तारखेला मिसिसिपी विद्यापीठात ठरलेला पहिला जाहीर वादविवादही पुढे ढकलावा. ओबामा यांनी नकार दिला. त्यांचे म्हणणे असे की पुढच्या संकटांना जो तोंड देणार, त्याचे विचार ऐकण्याची लोकांना आताच गरज आहे आणि राष्ट्राध्यक्षाला एका वेळी एकाहून अधिक कामे सांभाळता आली पाहिजेत.

पुढे काय झाले? २५ तारखेला राष्ट्राध्यक्ष बुश यांच्याकडे दोन्ही उमेदवार आणि संसदेतील नेते यांची बैठक झाली आणि ती भांडणात संपली. मॅकेन त्या बैठकीत फारसे बोलले नाहीत, असे उपस्थितांनी नंतर सांगितले. २६ तारखेला वादविवाद ठरल्याप्रमाणे झाला आणि मॅकेन त्याला हजर राहिले. २९ तारखेला प्रतिनिधिगृहाने ते विधेयक २२८ विरुद्ध २०५ मतांनी फेटाळले. विरोधात मते देणाऱ्यांत मॅकेन यांच्याच पक्षाचे १३३ सदस्य होते. शेवटी सुधारलेले विधेयक ३ ऑक्टोबर रोजी मंजूर झाले. ४ नोव्हेंबरला ओबामा निवडून आले.

आपण चटकन म्हणू, "सगळे नाटक होते. सर्वेक्षणांत मागे पडू लागले, म्हणून थांबले." पण इतक्या लवकर निवाडा करायला मी धजत नाही. हेच मॅकेन १९६७ साली व्हिएतनाममध्ये युद्धकैदी झाले. त्यांचे वडील मोठे नौदल अधिकारी असल्यामुळे १९६८ मध्ये त्यांना लवकर सुटकेची संधी देण्यात आली. जे आपल्या आधी पकडले गेले ते आधी सुटले पाहिजेत, या नियमासाठी त्यांनी ती नाकारली आणि १९७३ पर्यंत कैदेत हालअपेष्टा सोसल्या. अशा माणसाच्या तोंडी 'देश आधी' हे शब्द आले, तर त्यात काहीच खरे नव्हते असे कोण म्हणेल? शिवाय न थांबण्यात ओबामांचाही फायदा होताच. तत्त्वज्ञ कांट यांनी एका दुकानदाराचे उदाहरण दिले आहे. तो अजाण गिऱ्हाइकालाही फसवत नाही. पण हे कर्तव्य म्हणून, की धंद्यात नाव राहावे म्हणून, हे बाहेरून सांगता येत नाही. कृती चांगली आणि फायद्याचीही असू शकते. अंतःकरण परमेश्वरच पाहतो.

मग आपल्याला काहीच ठरवता येत नाही का? येते. संत थॉमस अक्वायनस यांनी शिकवले की कृत्य पारखताना हेतूबरोबर कृत्य स्वतः काय आहे आणि ते कोणत्या परिस्थितीत घडते, हेही पाहावे. हेतू झाकलेला असला तरी बाकीच्या दोन गोष्टी उघड असतात. त्यांना धरून दोन प्रश्न विचारता येतात.

पहिला प्रश्न : मी जे थांबवले, ते माझे होते का? १९६८ मध्ये मॅकेन यांनी स्वतःची सुटका नाकारली. ती त्यांची होती, तिची किंमत त्यांनी स्वतःच्या शरीराने मोजली. २००८ मधला वादविवाद मात्र एकट्या उमेदवाराचा नव्हता. तो मतदारांचा होता. ज्यांची घरे आणि नोकऱ्या धोक्यात होत्या, त्यांना दोघांना समोरासमोर ऐकण्याचा हक्क होता. दुसऱ्याच्या मालकीची वस्तू अर्पण केली, तर तिला त्याग म्हणता येत नाही.

दुसरा प्रश्न : थांबल्यामुळे जे हात मोकळे झाले, ते कोणत्या कामाला लागले? शुभवर्तमानातला दयाळू शोमरोनी वाटेत थांबला, पण नुसता थांबला नाही. त्याने जखमा बांधल्या, त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवले, उताराशाळेत नेले आणि पदरचे दोन दिनार दिले. वाटेत थबकून हळहळला असता आणि पुढे गेला असता, तर प्रभूने त्याचा दाखला दिलाच नसता. मॅकेन वॉशिंग्टनला गेले, पण तिथे त्यांच्या जाण्याने जे व्हायला हवे होते ते झाले नाही. ही त्यांची निंदा नव्हे. जाण्यापूर्वी 'तिथे मी नेमके काय करू शकेन?' हे ताडून पाहणे हासुद्धा नीतीचाच भाग आहे. आपली परंपरा त्याला विवेक म्हणते.

हे दोन प्रश्न मी दुसऱ्यांसाठी लिहिले असते, तर हा लेख सोपा झाला असता. पण मला स्वतःचा एक प्रसंग आठवला. पूर्वी मी ज्या धर्मग्रामात होतो, तिथे सणाच्या आदल्या दिवशी एक तरुण कामगार अपघातात गेला. मी मिस्सात जाहीर केले की यंदा बँड नाही, कार्यक्रम नाही. सगळ्यांनी कौतुक केले. "फादरांनी शोभेसे केले," असे म्हणाले. मलाही ते ऐकून बरे वाटले, हे कबूल करतो. काही दिवसांनी त्या तरुणाची आई भेटली. ती शांतपणे म्हणाली, "फादर, तुम्ही बँड बंद केलात, तुमचे उपकार आहेत. पण त्या रात्री आमच्या घरात आम्ही चौघेच होतो हो." माझ्याकडे उत्तर नव्हते. सणाची ती संध्याकाळ मी खोलीत बसून काढली होती. आणि ज्या बँडवाल्यांची सुपारी मी मोडली, त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडाली, याचा विचारही मला शिवला नव्हता. मी थांबवले होते ते लोकांचे होते, आणि मोकळे झालेले माझे हात रिकामेच राहिले होते.

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू सांगतो की वेदीशी अर्पण आणल्यावर भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवावे, आधी जाऊन समेट करावा आणि मग येऊन अर्पण करावे. म्हणजे पवित्र कामही थांबवता येते. पण तिथे कोणतीही घोषणा नाही. जायचे आहे ते एका ठरावीक माणसाकडे, आणि परत येऊन काम पुरे करायचे आहे.

त्या मुलाला आज मी असे उत्तर देईन : बाळा, थांबला की नाही एवढ्यावर माणूस जोखू नकोस. थांबून तो कुठे गेला आणि किंमत कोणी मोजली, ते बघ.

आपणही अनेकदा थांबतो. वडील आजारी पडले म्हणून रजा घेतो आणि त्यांच्या खाटेशी बसून मोबाईल बघतो. उपवासकाळात मांस-मच्छी सोडतो, पण वाचलेले पैसे भुकेल्याच्या ताटापर्यंत पोहोचत नाहीत. या आठवड्यात काही सोडायचे, थांबवायचे मनात आले, तर आधी ठरवू या की त्यामुळे मोकळा झालेला वेळ कोणाच्या दारी न्यायचा. आणि तिथे गेल्याचे कोणाला सांगू नये.

त्या आईच्या घरी मी नंतर गेलो. उशिराच गेलो. तिने चहा दिला.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू