कोयता चालवण्याआधी

छाटणीची माणसं यायची आहेत. त्याआधी अंगणातल्या आंब्यासमोर खुर्ची टाका, जरा लांब, सबंध झाड नजरेत येईल इतकी. फोन घरातच राहू द्या. झाड आजोबांनी लावलेलं असेल किंवा घरासोबत आयतं मिळालेलं. फांद्या कौलांवर आल्यात, पावसाळा तोंडावर आहे, शेजाऱ्यांची पाल्यावरून कुरकुर चालू आहे. हे सगळं खरंच आहे. तरी घटकाभर ते बाजूला ठेवा आणि आधी जमिनीकडे पाहा.

बुंधा मातीत शिरतो ती जागा बघा. तिथे तो पसरट व्हायला हवा, मुळं वेगळी होताना दिसायला हवीत. खांबासारखा सरळ आत जात असेल तर कधीतरी भोवती भराव पडलाय. आधी बांधकामाची माती, मग पेव्हर ब्लॉक. बुंध्याशी बारीक भुसा सांडलेला दिसला तर आत भिरूड आहे, एवढं मनात टिपून ठेवा. आता नजर सावकाश बाहेर सरकवा, सावलीच्या कडेपर्यंत, तिच्याही पलीकडे. पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या पसाऱ्याबाहेर लांबवर जातात. तुमची गाडी उभी राहते ती जागाही त्यांचीच. चाकांखाली माती दबून घट्ट झाली की मुळांना हवा मिळत नाही. आपण मात्र बुंध्याशी नळी सोडतो, वर गेरू-चुन्याचे पट्टे मारतो आणि झाडाचं सगळं केलं म्हणून निश्चिंत होतो.

आता वर पाहा. सगळं झाड एकदम नको. कापायचं म्हणून तुमच्या मनात असलेली एकच फांदी निवडा आणि ती खोडाला मिळते तिथे नजर ठेवा. घाई नको, ही जागा चटकन दिसत नाही.

खालच्या अंगाला साल किंचित फुगलेली आहे, तिच्यावर सुरकुत्या आहेत. बाही वर सारल्यावर कोपराशी कापड गोळा होतं, तशा. वरच्या बेचक्यात सालीचा खडबडीत उंचवटा आहे. खालचं ते फुगीर कडं दिसायला फांदीचं वाटतं, पण ते खोडाचं आहे. फांदी मेली किंवा तुटली तर कूज खोडात उतरू नये म्हणून झाड तिला इथेच अडवतं. करवत चालायला हवी ती या कड्याच्या जरा बाहेरून. खोडालगत सपाट कापलं तर काम सुबक दिसतं, पण कडंच नाहीसं होतं. उलट हातभर खुंट ठेवला तर तो वाळतो, कुजतो आणि झाडाला त्याच्यावरून साल चढवता येत नाही.

अमेरिकेच्या वनखात्यातले अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं करवतीने उभी चिरून आत काय होतं ते पाहिलं. त्यांचं म्हणणं असं, की झाडाची जखम आपल्यासारखी बरी होत नाही. झाड जखमी लाकडाच्या भोवती भिंती घालतं, त्याला तिथेच कोंडतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवत वाढत राहतं. यावर थोडा वेळ थांबा. झोपाळ्यासाठी ठोकलेला तो खिळा, वायर बांधताना सोललेली ती साल, सगळं आत आहे, झालं त्या दिवशी होतं तिथेच. खोडावर एखादा जुना व्रण शोधा. चारी बाजूंनी सारखी वळी चढत आली असेल तर तेव्हा कापणारा जाणता होता. दोन बाजूंनीच चढली असेल आणि वर-खाली उघडं लाकूड राहिलं असेल, तर खोडालगत कापलं होतं.

ढोलीची भीती वाटते, साहजिक आहे. पण नुसत्या पोकळपणाने झाड पडत नाही. भोवतीचं निरोगी लाकूड किती जाड उरलंय ते महत्त्वाचं, आणि ते जाणकाराने तपासायला हवं. बुंध्याशी उगवलेली आळंबी किंवा नव्याने आलेला कल आणि त्याच्या उलट बाजूला उचललेली माती, ही खरी भिण्याची लक्षणं.

माणसं आली की त्यांना दोर काढू द्या, पण आधी विचारा : कोणती फांदी आणि का? ‘शेंडा उडवून मोकळं करतो’ असं उत्तर आलं तर चहा पाजून परत पाठवा. शेंडा उडवलेल्या झाडाला खुंटांवर फुटव्यांची झुंबड येते. ते वरवर चिकटलेले असतात, मोठे झाले की वाऱ्यात तेच आधी फाटतात. म्हणजे ज्या भीतीने छाटलं तीच वाढवून ठेवली. शहरात असाल तर पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगीही लागते, १९७५ पासून तसा कायदा आहे.

जड फांदीला तीन काप लागतात. पहिला खालून, खोडापासून फूटभर लांब, अर्धवट. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. फांदी खाली येते आणि साल खोडापर्यंत सोलत जात नाही. उरलेल्या खुंटाचा तिसरा, कड्याबाहेरचा. हा तिसरा काप चालू असताना समोर उभे राहा, बोलू नका.

कापावर डांबर फासू नका, ते कूज थांबवत नाही. पाला जाळू नका. सावलीच्या कडेपर्यंत पसरा, बुंध्याभोवतीची हातभर जागा मोकळी सोडून, आणि गाडीसाठी दुसरी जागा बघा.